घाण्याचं शेंगदाणा तेल: माल चोख, लेबल गोंधळलेलं

तेल उत्तम आहे. झाकण उघडताच दाण्याचा वास येतो, तळाशी गाळाचा पातळ थर दिसतो. पण एक लिटरच्या बाटलीवर समोरच सहा दावे: शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक, आरोग्यदायी, केमिकल-फ्री, कोलेस्टेरॉल-फ्री. गिऱ्हाईक क्षणभर बघतं. त्यातलं एकही लक्षात राहत नाही. आणि कोलेस्टेरॉल म्हणाल तर ते रिफाइंड शेंगदाणा तेलातही नसतं, मग हे तेल वेगळं कसं ठरणार?

खरी गोष्ट मागे बारीक अक्षरात दडली आहे: लिटरभर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. भाव एवढा का, याचं उत्तर तेच. समोर ठळक हवं ते हे: 'अडीच किलो दाणे, एक लिटर तेल.' खाली एक छोटी ओळ, 'तळाचा गाळ दाण्याचाच', नाहीतर लोक भेसळ समजून बाटली परत आणतात.

छापण्याआधी दहा अनोळखी गिऱ्हाइकांना लेबल पाच सेकंद दाखवा, झाका आणि विचारा, 'हे महाग का?' सातपेक्षा कमी जणांनी दाण्यांचं प्रमाण सांगितलं, तर मजकूर पुन्हा लिहा. शब्द वाढवू नका, कमी करा.

तेलाला पाच तारे, लेबलला दोन.