पाळी गेल्यानंतरची त्वचा: दिवाळीपासून श्रावणापर्यंतच्या वापराचा अनुभव

साबणाऐवजी सिंडेट बार (कृत्रिम स्वच्छकांची, साबण नसलेली आंघोळीची वडी), अंगासाठी युरिया व सेरामाइड (त्वचेतच असणारे एक स्निग्ध द्रव्य) असलेले क्रीम, चेहऱ्यासाठी रंगछटेचे सनस्क्रीन आणि रात्री चेहऱ्याला लावायचे रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचे एक रूप, अशा चार गोष्टी मी गेल्या दिवाळीच्या सुमारास सुरू केल्या आणि आता श्रावण लागला आहे. पुण्याची कोरडी थंडी, वैशाखाचा उन्हाळा आणि पावसाळ्याचा दमटपणा हे सारे या काळात येऊन गेल्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही. माझे वय ५१, पाळी जाऊन वर्ष उलटलेले, वर्ण गव्हाळ, राहणे बाणेरच्या बाजूला आणि रोजचे जाणे-येणे दुचाकीवरून. आधीच सांगते की सर्वांत मोठा फरक आंघोळीच्या वडीने आणि अंगाच्या क्रीमने पडला. चेहऱ्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा क्रम त्यानंतर लागतो.

तक्रारीची सुरुवात सुरकुत्यांपासून झालीच नव्हती. रात्री अंथरुणावर पडले की नडग्यांना आणि दंडांना खाज सुटे, मधूनच कातडीवरून मुंग्या चालल्यासारखे वाटे, आणि दिवा लावून पाहावे तर पुरळ नाही, गांध नाही, काहीच नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाले की त्वचेतील तेलग्रंथींचा स्राव घटतो, वरच्या थरातील पेशींना सांधून ठेवणारी स्निग्ध द्रव्ये कमी पडतात आणि आतला ओलावा हवेत निघून जाऊ लागतो. खालच्या थरातील कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि पुढे वर्षाला साधारण २ टक्क्यांनी घटत राहते, हेही खरे. परंतु जाहिरातींमध्ये सगळा भर या कोलॅजनवर आणि चेहऱ्यावर असतो, खाजणाऱ्या नडग्यांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. शिवाय भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा चार-पाच वर्षे आधी, त्यामुळे ‘पन्नाशीनंतर’ असे लिहिलेल्या बाटल्या आपल्याकडे अनेकींच्या हाती उशिराच पडतात. त्वचारोगतज्ज्ञांनी क्रीम लिहून देण्याआधी थायरॉइड, रक्तातील साखर, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून घ्यायला लावल्या, कारण पुरळ नसताना सर्वांगाला येणारी खाज या विकारांतही दिसते आणि ती सरसकट वयावर ढकलून चालत नाही. माझे अहवाल सर्वसाधारण आले.

आता आंघोळीच्या वडीविषयी. आपल्याकडे चोखंदळ ग्राहक साबणाच्या वेष्टनावर टीएफएम पाहतो आणि ७६ टक्के किंवा त्याहून अधिक दिसले, म्हणजे पहिल्या प्रतीचा साबण मिळाला, असे समजून निश्चिंत होतो. हा आकडा साबणातील स्निग्धाम्लांचे एकूण प्रमाण सांगतो. साबण त्वचेला किती मानवेल, हे तो सांगत नाही. प्रत कोणतीही असो, खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो, तर निरोगी त्वचेचा ५ च्या जवळ, किंचित आम्लधर्मी. त्वचेतील संरक्षक स्निग्ध द्रव्ये तयार करणाऱ्या विकरांना ही आम्लता लागते आणि वय वाढते तशी ती मुळातच कमी होत जाते. आमच्या सोसायटीला वर्षातील बराच काळ टँकरचे आणि बोअरचे पाणी असते. अशा जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला तो दिसतो, पण अंगावरही बसतो. सिंडेट बार हा साबण नसल्यामुळे हा साका धरत नाही आणि त्याचा पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो. आंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी होणे मला पहिल्या आठवड्यातच थांबलेले जाणवले. सदाशिव पेठेत राहणारी माझी बहीण, जिच्या नळाला खडकवासल्याचे मऊ पाणी येते, तिला मात्र याच वडीने विशेष फरक पडला नाही, हेही नोंदवून ठेवते. वडी साबणापेक्षा महाग आहे, लवकर झिजते आणि ओली राहिली तर लगदा होते, म्हणून ती निथळणाऱ्या जाळीवर ठेवावी लागते. मी ती काखा, जांघा आणि पावले एवढ्यालाच लावते. उरलेल्या अंगाला रोज फेस लागतोच असे नाही.

अंगाच्या क्रीममध्ये १० टक्के युरिया, ग्लिसरीन आणि सेरामाइड आहे. युरिया व ग्लिसरीन पाणी धरून ठेवतात आणि सेरामाइड निघून गेलेल्या द्रव्यांची जागा काही अंशी भरून काढते. कोणते क्रीम घेतले यापेक्षा ते केव्हा लावले हे अधिक महत्त्वाचे ठरले: अंग टिपून घेतल्याबरोबर, कातडी ओलसर असतानाच लावले तर खाज रात्रीपर्यंत दूर राहते, आणि तेच क्रीम कपडे घालून, चहा घेऊन, मग सवडीने लावले तर ते वर-वर राहते. पौष-माघात पहाटेचा गारठा पाषाण-बाणेरकडे अधिक असतो आणि दुपारची हवा अगदी कोरडी, तेव्हा एवढ्याने भागले नाही. त्या दिवसांत नडग्या, कोपर आणि टाचा यांवर रात्री साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला. पाणी अडवण्याच्या बाबतीत तिच्या तोडीचे दुसरे फारसे काही नाही आणि किंमत म्हणाल तर नगण्य. भेगाळलेल्या जागी युरिया चांगलाच झोंबतो, तेथे आधी काही दिवस नुसती जेली लावावी आणि भेग भरल्यावर युरियाकडे यावे. अभ्यंगाच्या तिळाच्या तेलाला माझी ना नाही, परंतु तेलानंतर उटणे खसखसून चोळण्याचे वय आता राहिले नाही; नरक चतुर्दशीला सासूबाईंच्या समाधानापुरते लावते, रोज नाही.

येथेच एक गोष्ट लिहून टाकते, कारण ती सहसा कोणी लिहीत नाही. योनीमार्गाच्या आणि बाहेरच्या नाजूक त्वचेचा कोरडेपणा, आग आणि लघवीच्या वेळची जळजळ हीदेखील इस्ट्रोजेन घटण्याचीच बाजू आहे. तेथे साबण, सुगंधी ‘हायजीन वॉश’ किंवा युरियाचे क्रीम लावू नये. साधे पाणी पुरते. त्रास राहिला तर स्त्रीरोगतज्ज्ञ त्या जागेपुरते इस्ट्रोजेनचे मलम देतात आणि ते उपयोगी पडते. संपूर्ण हार्मोन उपचारांविषयीही मी विचारले होते. त्याने त्वचेला काही लाभ होतो, पण केवळ त्वचेसाठी तो देत नाहीत; गरम वाफांचा त्रास फार असेल तर प्रकृती आणि घरातील आजारांचा इतिहास पाहून ठरवतात. माझ्या बाबतीत तशी गरज निघाली नाही.

सनस्क्रीनबद्दलचे मत संमिश्र आहे. गालांवरच्या वांगासाठी मी मुद्दाम आयर्न ऑक्साइडमुळे किंचित बदामी रंगाचे असलेले, एसपीएफ ५० चे घेतले, कारण आपल्यासारख्या वर्णात डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो आणि बिनरंगी सनस्क्रीन त्याला अडवत नाही. होळीपर्यंत डाग थोडे फिकट झाले, मावळले नाहीत. खरी अडचण चैत्रात सुरू झाली. अंगातून वाफा आल्या की कपाळावरचा घाम सनस्क्रीनसह डोळ्यांत उतरे, आणि पुण्याच्या बायकांचा तो डोळ्यांपर्यंत घट्ट गुंडाळलेला स्कार्फ नाकावरचे व जबड्यावरचे सनस्क्रीन पुसून घेई. पांढरा स्कार्फ तर बदामी झाला. शेवटी कपाळाला झिंक ऑक्साइडची कांडी, गालांना रंगछटेचे सनस्क्रीन, आणि स्कार्फ सोडल्यावर पुन्हा एक हात, अशी विभागणी जमली. स्कार्फ असताना सनस्क्रीन कशाला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगेन की वांग ज्या गालाच्या उंचवट्यावर असते, नेमका तोच भाग स्कार्फबाहेर राहतो.

वांगाच्याच संदर्भात दोन उपायांपासून दूर राहावे असे मला आग्रहाने वाटते. पहिला लिंबाचा: लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागले की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि ते डाग मूळच्या वांगापेक्षा हट्टी असतात. दुसरा औषधाच्या दुकानातून शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेल्या गोरेपणाच्या मलमाचा. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरले, तरी काउंटरवर ती सहज मिळतात. आधीच पातळ होत चाललेली या वयातील कातडी त्यांनी आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस वाढतात, आणि मलम थांबवले की चेहरा भडकतो. पहिल्या महिन्यात उजळ दिसणे हाच त्यातला सापळा आहे.

चार गोष्टींबरोबर मी ‘रजोनिवृत्तीसाठी खास’ असे लिहिलेली एक महागडी डबीही आणली होती. कंपनीचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण असे प्रकार आता बरेच निघाले आहेत. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. या यादीत पाणी, ग्लिसरीन आणि एक-दोन तेले आधी होती, ज्याच्या नावावर ती विकली जाते तो सोयाबीनचा अर्क सुगंधाच्या शेजारी, जवळजवळ तळाला. सुगंधाने मानेची आग होऊ लागल्यावर डबी बंद केली. सुगंधाविना साधे मॉइश्चरायझर तिच्या चतुर्थांश किमतीत तेच काम करते. कपाळाच्या टिकलीचेही असेच; तिच्या गोंदातील रसायनाने खाज येऊ शकते आणि क्वचित त्या जागी पांढरा डागही पडतो. मी आता कुंकू लावते.

रेटिनॉलचा निकाल सर्वांत उशिरा लागला. सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री, मटारच्या दाण्याएवढे, मॉइश्चरायझरच्या दोन थरांच्या मध्ये लावले, तरीही थंडीत ओठांच्या कडा सोलवटल्या. फाल्गुनापर्यंत काहीच दिसेना. त्यानंतर कपाळ गुळगुळीत लागू लागले आणि हनुवटीवर या वयात नव्याने उठणाऱ्या पुटकुळ्या थांबल्या. खोल रेषा आहेत तशाच आहेत. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी बाकुचिऑल हा सौम्य पर्याय आहे. ते बावचीच्या बियांपासून काढतात, मात्र बावचीचे कच्चे तेल किंवा चूर्ण म्हणजे बाकुचिऑल नव्हे. बावचीतील सोरॅलेनमुळे उन्हात कातडी पोळते. पाळी अनियमित झाली आहे पण गेलेली नाही, अशा स्त्रियांना गर्भ राहण्याची शक्यता असते, त्यांनी रेटिनॉल डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. हनुवटीवर येऊ लागलेल्या राठ केसांवर त्याचा काही परिणाम होत नाही. त्यांसाठी थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करणार असाल तर आठवडाभर आधी रेटिनॉल बंद ठेवावे आणि पार्लरमधल्या मुलीला तसे सांगावे, नाहीतर मेणाबरोबर कातडीही निघते. केस मोजकेच असतील तर चिमटा बरा.