लाकडी ठोकळे की मॅग्नेटिक टाइल्स? दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की काका-मावश्या विचारतात बाळासाठी काय आणू, आणि आपण नीट सांगितलं नाही तर हमखास बॅटरीवर गाणारं काहीतरी येतं. ते बाजूलाच ठेवा, बटण दाबलं की खेळणंच सगळं करतं, मुलाच्या हाताला कामच उरत नाही. खरी निवड आहे लाकडी ठोकळे आणि मॅग्नेटिक टाइल्समध्ये (कडांत चुंबक बसवलेले प्लास्टिकचे चपटे तुकडे), आणि माझं मत विचाराल तर आधी लाकूड.

कारण लाकडी ठोकळा पडतो. वरचा जरा बाहेर गेला की धाडकन सगळं खाली, मग मूल आपलं आपणच मोठा खाली नि छोटा वर ठेवायला लागतं, कोणी सांगावं लागत नाही. टाइल्सना चुंबक धरून ठेवतं, त्यामुळे किल्ला पटकन उभा राहतो आणि दिसतोही भारी, पण तोल सांभाळायचं अर्धं काम चुंबकानेच केलेलं असतं ना. शिवाय माप. चांगल्या सेटमध्ये दोन चौकोनी ठोकळे बरोबर एका लांब ठोकळ्याएवढे होतात, तसे दोन लांब मिळून त्याच्या दुप्पट, म्हणजे अर्धा-पूर्ण-दुप्पट हे शाळेत अपूर्णांक यायच्या कितीतरी आधी हाताला कळतं. म्हणून दुकानात रंग नंतर बघा, आधी दोन छोटे एका मोठ्याला लावून बघा, जुळत नसतील तर तो सेट सोडा.

टाइल्सची मजा चार वर्षांनंतर. सहा चौकोन जमिनीवर मांडून उचलले की खोका होतो, त्रिकोण जोडून चौकोन होतो, हे लाकडात इतकं सहज दिसत नाही. पण तीनच्या आत नकोच. टाइल फुटली आणि आतली दोन चुंबकं पोटात गेली तर ती आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं. असा नुसता संशय आला तरी घरी वाट बघत बसू नका, सरळ बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल (गोमेकॉ) गाठा. रिव्हेट (धातूची खिळी) मारलेल्या, कडा पक्क्या असलेल्या टाइल्स घ्या आणि तडा गेलेली लगेच फेकून द्या.

आपल्याकडचा पाऊस मात्र लाकडाच्या विरोधात आहे. जून ते सप्टेंबर बंद डब्यात ठेवलेत तर बुरशी येणारच, तेव्हा उघड्या टोपलीत ठेवा, धुवू नका, ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. टाइल्सना हा त्रास नाही, एवढा एक गुण त्यांना नक्की द्यायला हवा.

आयएसआय मार्क १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना सक्तीचा आहे, तो दोन्हींवर बघा. नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर तो दिसला नाही म्हणजे माल खोटा असं नाही. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की सावंतवाडी दूर नाही, तिथल्या चितारआळीत, म्हणजे खेळण्यांच्या दुकानांच्या गल्लीत, जाऊन स्वतः हात फिरवून बघा, कुसळ लागतंय का, ओलं फडकं घासलं तर रंग सुटतो का. तिथली लाकडी फळं-भाजी दुकान-दुकान खेळायला फार छान, पण छोटी मिरची वगैरे तीनच्या आतल्या मुलाला देऊ नका, ती थेट तोंडात जाते.