३ नोडच्या टॉमकॅट क्लस्टरवर सेशन टिकतं का? ८ महिन्यांच्या वापरानंतर

पुढे एचएप्रॉक्सी (रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर), मागे जावा ॲप चालवणाऱ्या टॉमकॅट ९ सर्व्हरचे ३ नोड, म्हणजे ३ मशीन, आणि सेशनच्या (युजरचं लॉगिन, कार्ट वगैरे नोंदींच्या) प्रती टॉमकॅटच्याच डेल्टामॅनेजरकडून. मध्ये सेशन साठवायला रेडिस (मेमरीतला डेटाबेस) वगैरे काही नाही. एक नोड आडवा झाला तरी युजरला पुन्हा लॉगिनचं पान दिसू नये, इतकीच अपेक्षा. ती पुरी होते. मात्र टॉमकॅटच्या सेटिंगच्या फाइलीत, सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये, क्लस्टरची एक ओळ टाकली की झालं, हा समज पहिल्याच आठवड्यात गळून पडतो.

आधी तर नोड एकमेकांना सापडतच नाहीत. डीफॉल्ट ओळख मल्टिकास्टवर, म्हणजे गटातल्या सगळ्यांना एकदम जाणाऱ्या संदेशावर (२२८.०.०.४, पोर्ट ४५५६४) होते आणि क्लाउडच्या नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट बहुधा बंद असतं. तिथे स्टॅटिक मेंबरशिप वापरून तिन्ही आयपी हाताने लिहावे लागतात. उबंटू-डेबियनवर होस्ट्स फाइलीत मशीनचं नाव अनेकदा १२७.०.१.१ ला, म्हणजे फक्त त्याच मशीनच्या आतल्या पत्त्याला, जोडलेलं असतं. मग रिसीव्हर (बाकी नोडकडून प्रती घेणारा भाग) तिथेच कान लावून बसतो आणि बाकीच्यांना तो पोहोचत नाही. सुरू होतानाच्या लॉगमध्ये रिसीव्हर कुठे बाइंड झाला ते वाचा, आणि ॲड्रेस 'ऑटो' न ठेवता खरा आयपी द्या. पोर्ट ४००० फायरवॉलमध्ये फक्त या ३ मशीनपुरतं उघडा. त्या वाटेने सिरियलाइझ केलेले (पाठवता येतील अशा बाइट्समध्ये बदललेले) जावा ऑब्जेक्ट येतात, ती सगळ्यांना मोकळी ठेवणं वेडेपणा आहे.

खरी डोकेदुखी ॲपच्या कोडमध्ये. ॲपच्या सेटिंगच्या फाइलीत, वेब डॉट एक्सएमएलमध्ये, 'डिस्ट्रिब्युटेबल' टॅग नसेल तर प्रत निघतच नाही. टॅग टाकल्यावर सिरियलायझेबल नसलेली वस्तू सेशनमध्ये ठेवायला गेलं की लगेच एक्सेप्शन येतं, हे बरंच. पण तपासणी फक्त वरच्या ऑब्जेक्टची होते. आतलं एखादं फील्ड तसं असेल तर ते प्रत पाठवतानाच उघडं पडतं.

त्याहून फसवं प्रकरण कार्टचं. सेशनमधून लिस्ट काढली, तिच्यात वस्तू घातली, काम संपलं: असा कोड एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. डेल्टामॅनेजर मात्र सेटॲट्रिब्यूटने (सेशनमध्ये वस्तू ठेवण्याच्या मेथडने) नोंदवलेला बदलच पाठवतो. नोड पडल्यावर युजर लॉगिन असतो, वर त्याचं नावही दिसतं, पण कार्टमध्ये ३ ऐवजी पहिली १ च वस्तू. उपाय एका ओळीचा: बदल केल्यावर तीच लिस्ट पुन्हा सेटॲट्रिब्यूटने ठेवा. अशा जागा शोधण्यातच वेळ जातो.

एचएप्रॉक्सीत युजरला एकाच नोडकडे पाठवत राहण्यासाठी कुकी 'इन्सर्ट इनडायरेक्ट नोकॅश' आणि सोबत, तो नोड पडला तर दुसरीकडे वळवण्यासाठी, 'ऑप्शन रीडिस्पॅच' ठेवा. नोड जिवंत आहे का याची तपासणी डीफॉल्टने दर २ सेकंदांनी, सलग ३ वेळा चुकली की नोड बाद. म्हणजे साधारण ६ सेकंद. त्या काळात अर्धवट अडकलेली पोस्ट रिक्वेस्ट आपोआप दुसरीकडे जात नाही, युजरला एरर दिसणारच. पोर्ट उघडं आहे इतकंच बघणाऱ्या नुसत्या टीसीपी तपासणीवर विसंबू नका. टॉमकॅट पोर्ट आधी बांधतो आणि ॲप नंतर चढवतो, त्यामुळे ॲप तयार नसतानाच नोड 'अप' दिसतो आणि युजर चक्राकडे बघत बसतो. एचटीटीपी चेक लावून ॲपचंच एखादं हलकं पान विचारा.

प्रती कशा पाठवायच्या हे ठरवणारं चॅनलसेंडऑप्शन्स ८ (असिंक्रोनस, म्हणजे पोच येण्याची वाट न बघता) पुरतं. युजर एकाच नोडला चिकटलेला असल्याने क्षणभराचा उशीर खपून जातो. पैशांच्या व्यवहाराचं पान असेल तर ६ करा. प्रत्येक रिक्वेस्ट थोडी मंदावते, कारण पोच येईपर्यंत ती थांबते.

नवीन आवृत्ती चढवताना एकेक नोड आधी 'ड्रेन' करायचा, म्हणजे त्याच्याकडे नवे युजर पाठवणं थांबवायचं. तरीही सेशनमधल्या क्लासचा सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा क्रमांक) ठरवून दिलेला नसेल, तर क्लास बदलताच जुना नोड आणि नवा नोड एकमेकांचं सेशन वाचू शकत नाहीत.

डेल्टामॅनेजर प्रत्येक सेशन प्रत्येक नोडवर ठेवतो, म्हणून ३ नोडना तो ठीक. ४ च्या पुढे बॅकअपमॅनेजर बघावा, तो एकाच नोडवर राखीव प्रत ठेवतो. आणि चाचणी घेताना शटडाउन स्क्रिप्ट वापरू नका, त्यात नोड रीतसर निरोप घेऊन जातो. कार्टमध्ये ३ वस्तू घाला, कुकीवरून नोड ओळखा, त्यावर किल -९ (प्रोसेस तडकाफडकी मारणारी कमांड) मारा आणि पान रिफ्रेश करून वस्तू मोजा.