आधी विश्वस्तांकडे की थेट पोलिसांकडे?

प्रार्थनास्थळात कुणी मुलाशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं कळलं, की दोन वाटा समोर येतात: विश्वस्तांची अंतर्गत चौकशी किंवा थेट पोलीस.

पहिली वाट का हवीशी वाटते ते समजतं. बोभाटा होत नाही, ओळखीची माणसं ऐकून घेतात. पण हीच माणसं आरोपीच्या रोजच्या उठबशीतली असतात. मुलाला तेच तेच पुन्हा सांगावं लागतं, आरोपी सावध होतो, मोबाइलमधले मेसेज पुसले जातात आणि शेवटी त्याची गुपचूप बदली होते. नव्या ठिकाणची मुलं बेसावधच! संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या शाही आयोगाने (सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने) २०१७ च्या अहवालात धार्मिक संस्थांमधल्या अशा बदल्या नोंदवल्या आहेत.

पोलिसांकडे तपास रेंगाळू शकतो, घरच्यांची दमछाक होते. तरी पुरावा ताब्यात घेण्याचा अधिकार त्यांनाच असतो. याच विषयावरच्या इंग्लंड-वेल्सच्या चौकशी आयोगानेही २०२२ मध्ये अशी माहिती कळवणं कायद्याने सक्तीचं करण्याची शिफारस केली.

मुलाचा प्रश्न असेल तर माझ्या मते दुसरीच वाट. विश्वस्तांनी त्याच दिवशी आरोपीला मुलांपासून दूर ठेवावं, त्याच्याकडच्या किल्ल्या काढून घ्याव्यात, नोंदवह्या जपाव्यात. जाबजबाब घेऊ नयेत. प्रौढ भाविकाला मात्र कुठे जायचं ते स्वतः ठरवू द्यावं.