सातवी-आठवीच्या वर्गात अख्खं पुस्तक: 'श्यामची आई' घ्यावं की 'बनगरवाडी'?

पाठ्यपुस्तकातला उतारा तीन-चार तासिकांत संपतो. त्यातले शब्द मुलांना परत भेटत नाहीत, त्यामुळे चाचणी झाली की ते जातात. सत्रभर एकच पुस्तक वाचलं तर तेच शब्द पुन्हापुन्हा समोर येतात आणि रुजतात. अशा वाचनासाठी मराठीच्या शिक्षकांपुढे दोन नावं हटकून येतात: साने गुरुजींची 'श्यामची आई' आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. आमचा कल आधीच सांगतो. शब्दसंपत्ती वाढवायची असेल तर पहिलं, आकलन पक्कं करायचं असेल तर दुसरं.

'श्यामची आई' 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. काटेकोरपणे पाहिलं तर ती कादंबरी नव्हे, 42 रात्री सांगितलेल्या आठवणी आहेत. वर्गाच्या दृष्टीने हाच तिचा मोठा फायदा. एक रात्र दोन तासिकांत बसते, आणि आठवडाभर गैरहजर राहिलेल्या मुलाचं फारसं अडत नाही. सगळ्या 42 घेण्याच्या फंदात मात्र पडू नये. लागोपाठ चार-पाच प्रसंगांत डोळ्यांत पाणी आलं की आजची मुलं कंटाळतात, काही हसूही लागतात. 'मुकी फुले', 'थोर अश्रू', 'पत्रावळ', 'श्यामचे पोहणे' अशा आठ-दहा रात्री निवडल्या तरी पुरे. 'बनगरवाडी'त अशी निवड करता येत नाही. सुरुवातीला भेटलेली माणसं पुढे परत येतात, म्हणून ती सलगच वाचावी लागते.

शब्दांचं पाहू. 'श्यामची आई'त दोन प्रकारचे शब्द भरपूर मिळतात. एक, कोकणातल्या घराचे आणि रीतीचे: माजघर, ओटी, सोवळं, खोत. दुसरे, मुलांना निबंधात उद्या वापरता येतील असे: भूतदया, क्षमा, कृतज्ञता. पहिल्या प्रकारासाठी फळ्यावर घराचा नकाशा काढावा, नुसता अर्थ सांगून भागत नाही. 'बनगरवाडी'चे शब्द माणदेशातल्या धनगरवस्तीचे आहेत: मेंढरं, घोंगडं, कारभारी, रामोशी, तालीम. शिवाय संवाद बोलीत आहेत. सांगली-सोलापूरकडच्या मुलांना ते घरचेच वाटतात, पण मराठी दुसरी भाषा असलेल्या वर्गात घोटाळा होतो. बोली कुठली आणि प्रमाण कुठलं हे मुलांना उमगत नाही आणि 'न्हाई' थेट उत्तरपत्रिकेत उतरतं. यावर साधा उपाय म्हणजे वहीत दोन रकाने: 'असं बोलतात' आणि 'असं लिहितात'.

आकलनात मात्र पारडं फिरतं. 'श्यामची आई'त सांगणारा आपल्या भावना स्वतःच उलगडून सांगतो. 'थोर अश्रू'मध्ये श्याम आंघोळीनंतर पायाला घाण लागू नये म्हणून जपतो, आणि मनही तसंच जपावं हे आई उघड बोलून दाखवते. 'आईने काय शिकवलं?' असं विचारलं की मुलं ती ओळ उतरवून देतात आणि आपण पूर्ण गुण देतो. म्हणून आईच्या त्या वाक्याआधी वाचन थांबवावं आणि ती काय म्हणेल ते मुलांना लिहायला लावावं. आणखी एक अडचण म्हणजे आश्रमात गोष्ट सांगणारा मोठा श्याम आणि गोष्टीतला लहान श्याम मुलं एकमेकांत मिसळतात. पहिल्याच दिवशी दोन वेगळ्या काळरेषा काढून ठेवाव्यात.

'बनगरवाडी'त गोष्ट सांगणारा तरुण मास्तर फारसं समजावत नाही. वाडीतल्या शेकूकडे एकच बैल आहे, म्हणून जुवाची दुसरी बाजू त्याची बायको खांद्यावर घेते. हे वाचून झाल्यावर एकच काम द्यावं: 'या प्रसंगावरून शेकूच्या घराबद्दल आणि गावाबद्दल काय कळतं? ज्या शब्दांवरून कळलं त्यांच्याखाली रेघ ओढ.' मोघम उत्तराला इथे जागाच उरत नाही. तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो, तिथे पुस्तक मिटून पुढचा अंदाज लिहून घ्यावा. नंतर दुष्काळ येतो आणि वाडी उठते, तेव्हा तोच कागद परत वाचायला द्यावा. संस्थान म्हणजे काय, यासाठी आधी दहा मिनिटं राखून ठेवा. चोळीवरून वाडीच्या कारभाऱ्याला मास्तरांचा आणि अंजी या वाडीतल्या मुलीचा संशय येतो, तो भाग शिक्षकाने आधी वाचलेला हवा. आठवीच्या खाली ही कादंबरी आम्ही सुचवणार नाही.

पुस्तक कुठलंही घेतलं तरी तासिकेला सहा ते आठच शब्द घ्या. ज्यांच्याशिवाय परिच्छेद कळणारच नाही असे दोन-तीन आधी सांगा, बाकीचे संदर्भावरून ओळखू द्या. फळ्यावर आधीच पंचवीस शब्दार्थ लिहिले की मुलं ते पाठ करतात आणि वाचताना डोकं चालवत नाहीत. आळीपाळीने मोठ्याने वाचनही टाळा, कारण प्रत्येकाचं लक्ष फक्त आपली पाळी कधी येते याकडे असतं. आठवड्याने तपासताना 'माजघर म्हणजे काय?' विचारू नका. 'अनोळखी माणूस काही विचारायला आला तर त्याला ओटीवर बसवाल की माजघरात, आणि का?' असं विचारा. ज्याला शब्द कळला आहे त्यालाच उत्तर जमेल.

खर्चाचा फरकही मोठा आहे. साने गुरुजी 1950 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे 2011 पासून मूळ मजकूर खुला आहे. हव्या त्या रात्रीच्या प्रती काढता येतात, फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं सोडून द्यावीत. माडगूळकर 2001 साली गेले, म्हणजे 'बनगरवाडी' विकतच घ्यावी लागेल. 40 मुलांच्या वर्गाला दोघांत एक याप्रमाणे 20 प्रती चालतात.

सातवीचा वर्ग, मराठी दुसरी भाषा, किंवा परदेशातली आठवड्यातून एकदा भरणारी मराठी शाळा असेल तर 'श्यामची आई' घ्या. आठवीला आठवड्यात दोन तासिका आणि दहा-बारा आठवडे हाताशी असतील तर 'बनगरवाडी' घ्या, पण सगळ्या प्रती हातात आल्याशिवाय पहिलं पान उघडू नका.