फौजी कॅन्टीन: मालाला चांगले गुण, हिशेबाला अर्धेच

इंदूर, राऊ, महू या पट्ट्यातल्या माजी सैनिकाला कॅन्टीन कसं आहे म्हणून विचारलं की तो साबणाचा, तेलाचा आणि रमचा भाव सांगतो. भाव महत्त्वाचा आहेच. पण कॅन्टीनच्या नफ्यावर युनिटचं बरंच कल्याण चालतं: खेळाचं सामान, वाचनालय, कुटुंबांचे कार्यक्रम, बडाखाना म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण. म्हणून इथे मालाबरोबर वह्यांचंही परीक्षण केलं आहे. ते कुठल्या एका कॅन्टीनचं नाही, पद्धतीचं आहे.

आधी भाव. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, हे संरक्षण मंत्रालयाचं खातं. १९४८ पासूनचं, मुख्यालय मुंबईत. कंपन्यांकडून माल हे खातं घेतं आणि डिपोतून युनिटच्या कॅन्टीनला देतं. २०१७ च्या जीएसटी अधिसूचनेनुसार खरेदीवर भरलेल्या कराचा निम्मा परतावा सीएसडीला मिळतो, आणि पुढे कॅन्टीनला व कार्डधारकाला विकताना पुन्हा कर लागत नाही. मूळ किंमत १०० रुपये आणि कर १८ टक्के धरला, तर बाहेर कराचे १८ रुपये पडतात, इथे ९.

या गणितात अलीकडे मोठा फरक पडला आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शॅम्पू, केसांचं तेल यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे या वस्तूंवर कॅन्टीनचा कराचा फायदा शंभरामागे ९ रुपयांवरून अडीच रुपयांवर उतरला. उरतो तो कंपनीनं सीएसडीला दिलेल्या ठोक भावाचा फायदा, आणि ठोक भाव शहरातल्या मोठ्या किराणा दुकानांनाही मिळतो. इंदूरहून महूच्या छावणीत जाऊन यायचं तर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर होतात. स्कूटरला साधारण लिटरभर पेट्रोल, म्हणजे शंभरावर रुपये. नुसत्या कराच्या फरकातून ते भरून काढायचे तर चार हजारांची खरेदी हवी. दोन साबण नि एक टूथपेस्ट यांच्यासाठी फेरी मारू नये. महिन्याची यादी एकदम करावी, किंवा दवाखान्याच्या फेरीला जोडून घ्यावी.

मोठ्या वस्तूंचं मात्र गणित अजून भक्कम आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन १८ टक्क्यांतच आहेत. मूळ किंमत ३०,००० असेल तर करातच २,७०० रुपये वाचतात. गाडी, एसी, टीव्ही, फ्रिज हा सगळा माल एएफडी, म्हणजे पक्की मागणी नोंदवल्यावरच येणारा. त्याचं पोर्टल जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं आणि ही या सेवेतली सर्वांत चांगली सुधारणा आहे. आधी डीलरकडून मॉडेल उपलब्ध असल्याचा दाखला घ्यायचा, मग पोर्टलवर मागणी नोंदवायची, पात्रता तपासून झाली की पैसे भरायचे. डिपोचा पुरवठा आदेश डीलरकडे गेला की माल मिळतो. लक्षात ठेवायचं ते हे, की वस्तूची किंमत सीएसडीला जाते, डीलरला नाही. गाडीची नोंदणी, विमा आणि जास्तीचं सामान मात्र बाहेरचं असतं, आणि वाचलेले पैसे निसटतात ते बहुधा तिथेच. दाखला घेतानाच या तिन्हींचे आकडे वेगळे लिहून घ्यावेत. दारू जीएसटीत येत नाही. तिचा भाव राज्याच्या उत्पादन शुल्कावर ठरतो, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या भावाशी तुलना करून उपयोग नाही.

आता वह्या. इथे दोन वेगळे खिसे आहेत. सीएसडीचा पैसा सरकारी. त्याची जमा-खर्च भारताच्या संचित निधीतून होते आणि महालेखापरीक्षक तो तपासतात. युनिटचं कॅन्टीन मात्र रेजिमेंटल फंडाच्या बाजूला येतं. सैन्याच्या भाषेत हा सार्वजनिक नसलेला पैसा. आर्मी रेग्युलेशन्सच्या परिच्छेद ८२० प्रमाणे कमांडिंग ऑफिसर, म्हणजे युनिटचा प्रमुख, या पैशाचा विश्वस्त असतो. निधी ज्या कारणासाठी आहे त्याच कारणाला आणि युनिटच्या सगळ्यांच्या फायद्यासाठी तो लागतो आहे, हे पाहणं त्याची जबाबदारी. दर तिमाहीला अधिकाऱ्यांचं मंडळ हिशेब तपासतं.

अडचण या दोन खिशांच्या मधल्या शिवणीत आहे. कॅन्टीननं घेतलेल्या मालावर सीएसडी क्वांटिटेटिव्ह डिस्काउंट देतं. त्याला सगळे क्यूडी म्हणतात. ही रक्कम सरकारी खात्यातून निघते आणि कॅन्टीनच्या खात्यात पडताच सार्वजनिक राहत नाही. महालेखापरीक्षकांनी २०१०-११ च्या अहवालात सीएसडीचं कामगिरी लेखापरीक्षण केलं, तेव्हा नेमका हाच मुद्दा पुढे आला: पैसा सरकारी तिजोरीतून जातो, पण युनिट कॅन्टीनच्या वह्या तपासायला मिळत नाहीत. शिस्तीचा किंवा गोपनीयतेचा कुठलाही युक्तिवाद इथे पटण्यासारखा नाही. तेलाच्या बाटलीवरच्या नफ्यात कसलं लष्करी गुपित असणार?

याच विभागणीचा फटका कॅन्टीनच्या नोकरांनाही बसतो. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सरकारी कर्मचारी मानलं होतं. २००९ मध्ये मोठ्या पीठानं तो निकाल फिरवला. म्हणजे पगार नफ्यातून, निवृत्तिवेतन नाही. महिन्याच्या सुरुवातीला बिलाच्या खिडकीवर रांग लागते आणि माणूस एकच असतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. पगारावर खर्च वाढला की कल्याण निधी घटतो.

गडबड कुठे होते ते ओळखायला लेखापाल असण्याची गरज नाही. मुदत संपत आलेला माल एकाच कंपनीचा सारखा दिसत असेल, तर मागणी गेल्या महिन्यांची विक्री न पाहता केली आहे. तो माल शेवटी बाद होतो आणि तोटा निधीला बसतो. कंपनीच्या स्कीममध्ये आलेला फुकट माल स्टॉक रजिस्टरवर चढला का, हे तपासणी मंडळानं आवर्जून पाहायचं असतं, कारण त्याची खरेदी किंमत शून्य असल्यामुळे तो वहीत न दिसताही वही जुळते. कपाटातला माल, रजिस्टर आणि बिलिंगचा संगणक या तिन्हींची मोजणी एकाच दिवशी, विक्री बंद ठेवून झाली पाहिजे. कपाट सोमवारी आणि संगणक बुधवारी पाहिला तर मधल्या दोन दिवसांत काहीही झाकता येतं.

कार्ड ही दुसरी जागा. ग्रोसरीचं आणि दारूचं कार्ड वेगळं, महिन्याच्या खरेदीची मर्यादा पदानुसार. महिनाअखेर उरलेली मर्यादा दुसऱ्याच कुणाच्या खरेदीला वापरली जाऊ शकते, म्हणून कार्ड आणि पिन काउंटरवर ठेवून जाऊ नये, ओळखीच्या माणसाकडेही नाही. बिलावरची शिल्लक मर्यादा मागच्या बिलाशी ताडून पाहावी. वीरपत्नी आणि म्हाताऱ्या पेन्शनरांची कार्डं शेजारी-नातलग चालवतात. तिथे घरच्यांनी ही ताडणी न चुकता करावी.

गुण द्यायचे तर मालाचा दर्जा आणि भाव मिळून दहापैकी आठ, एएफडी पोर्टलला आठ, हिशेबाच्या उघडेपणाला पाच. हे पाच गुणही तिमाही तपासणीची पद्धत अस्तित्वात आहे म्हणून. ती पद्धत जवानाला आणि पेन्शनरला दिसत नाही, हीच तिची उणीव. फळ्यावर चार आकडे लावले तरी पुष्कळ झालं: तिमाहीची एकूण विक्री, मिळालेली क्यूडी, पगार व विजेचा खर्च आणि कल्याणासाठी वर्ग झालेली रक्कम. पाचवा आकडा महूसारख्या ठिकाणी हवाच: निवृत्तांच्या खरेदीतून आलेल्या नफ्यापैकी निवृत्तांवर किती खर्च झाला.

हे आकडे मागायचे तर कॅन्टीनच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्यावा, भांडणाच्या सुरात नाही, आणि प्रतीवर पोच घ्यावी. माजी सैनिकांच्या संघटनेमार्फत दिला तर अधिक बरं. सीएसडीच्या बाजूची माहिती, म्हणजे अमुक कॅन्टीनला अमुक वर्षात किती क्यूडी दिली, ही माहिती अधिकाराखाली सीएसडीकडेच मागावी, कारण ते सरकारी खातं आहे. युनिटकडचा अर्ज मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर संपल्यावर महिनाभरानं टाकावा. तोपर्यंत मंडळाची तपासणी आटोपलेली असते आणि 'हिशेब अजून व्हायचाय' हे उत्तर उरत नाही.