बॅगेसाठी लावलेला एक फोन, आणि आप्पांचे कापसाचे पैसे

डिसेंबरातल्या चौथ्या शनिवारी माझ्या वडिलांच्या खात्यातून सकाळी पावणेआठ ते सव्वाआठच्या दरम्यान 93,390 रुपये गेले. फोन मी लावला होता. फाइल मी उघडली होती. कार्डावरचे आकडेसुद्धा मीच भरले होते. आप्पा तेव्हा गोठ्यात म्हशीची धार काढत होते. लहान मुलांना घेऊन दोन दिवसांसाठी आजी-आजोबांकडे जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं माहेर एरंडोल तालुक्यात, आणि आम्ही राहतो नाशिकला. लेक चार वर्षांची आहे. तिला थंडीत दम लागतो, म्हणून श्वासातून औषध घ्यायचा पंप आणि त्याला लावायची प्लास्टिकची नळी एका निळ्या पिशवीत कायम सोबत असते. शुक्रवारी रात्री नाशिकहून जळगावकडे जाणाऱ्या एका खासगी स्लीपर बसमध्ये बसलो. मालेगाव, धुळे, पारोळा मागे टाकत पहाटे साडेचारला एरंडोलला उतरलो. मुलगी खांद्यावर गाढ झोपलेली, एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात आईसाठी नेलेल्या द्राक्षांची पेटी. निळी पिशवी बर्थवर उशीच्या मागेच राहिली. ते मला कळलं घरी पोचून दोन-अडीच तासांनी, लेक खोकत उठली तेव्हा.

तिला काही फार त्रास होत नव्हता, हे आज शांतपणे सांगता येतं. पण घरात चुलीचा धूर होता, बाहेर गारठा होता आणि पंप जळगावच्या दिशेने निघून गेला होता. लेकीच्या छातीतली घरघर ऐकली की मला दुसरं काही सुचत नाही. मी मोबाइलवर त्या बस कंपनीचं नाव टाकलं आणि पुढे ग्राहक सेवा नंबर असं लिहिलं. सगळ्यात वर जो नंबर दिसला तो लावला.

माझी पहिली चूक इथेच झाली. इंटरनेटवर शोधल्यावर वर येणारा नंबर त्या कंपनीचाच असतो, असं मी धरून चालले होते. पुढे पोलिसांनी समजावलं की हे लोक पैसे देऊन जाहिरात वर आणतात. नकाशावरच्या दुकानांच्या माहितीत तर दुरुस्ती सुचवण्याची सोय कोणालाही असते, तिथेही ते स्वतःचा नंबर घुसवतात. बस कंपन्या, बँका, कुरिअर, दवाखाने, सगळ्यांच्या नावाने असे नंबर फिरत असतात. खरा नंबर माझ्याजवळ होता. तिकिटाच्या मेसेजमध्ये बसचा क्रमांक आणि गाडीतल्या माणसाचा मोबाइल दोन्ही होते. तो मेसेज उघडून बघण्याइतकं डोकं त्या वेळी थाऱ्यावर नव्हतं.

पलीकडचा माणूस आधी हिंदीत बोलला, मग चांगल्या मराठीत. आवाज अगदी सभ्य होता. “ताई, घाबरू नका, बाळ कसं आहे?” हे त्याने आधी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं: निळी पिशवी, पंप, एरंडोल, बर्थचा नंबर. दोन मिनिटं फोन धरून ठेवायला सांगून तो परत आला आणि म्हणाला, “मिळाली ताई, निळ्या रंगाची आहे ना? आत पंप आहे.” मला रडू आलं. मीच दिलेली माहिती तो मला परत देत होता, हे तेव्हा जाणवलं नाही.

पिशवी जळगावच्या ऑफिसातून दुसऱ्या गाडीने एरंडोलला पाठवतो, फक्त 5 रुपयांची ऑनलाइन नोंदणी करावी लागेल, असं तो म्हणाला. व्हॉट्सअॅपवर एक फाइल आली. त्यावर बस कंपनीचं चिन्ह होतं आणि नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरं, म्हणजे ती अँड्रॉइड फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल होती. माझ्याकडे आयफोन आहे, त्यात ती उघडेना. तर तो लगेच म्हणाला, “घरात दुसरा अँड्रॉइड फोन असेल ना? बाबांचा?”

खुंटीला आप्पांचा सदरा टांगला होता. त्याच्या खिशात फोन आणि पाकिटात कार्ड. मी गोठ्याकडे तोंड करून ओरडले, “आप्पा, फोन घेते हो.” त्यांनी हो म्हटलं. कार्डाचं मी विचारलंच नाही.

फाइल टाकताना फोनने दोनदा सावध केलं होतं, की हे अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे. मी दोन्ही वेळा परवानगी दिली. मग त्याने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली, तीही दिली. सगळा खेळ या परवानगीत आहे. बँक ओटीपी पाठवते तो मेसेजनेच. ते अॅप मेसेज वाचू लागलं की ओटीपी तुम्हाला विचारायची गरज राहत नाही. ‘मी कोणालाही ओटीपी सांगत नाही, मला कोण फसवणार’ असं मी कित्येकदा म्हटलं आहे. त्या सकाळीही मी कोणाला ओटीपी सांगितला नाही. पुढच्या फॉर्ममध्ये कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे विचारले. 5 रुपयांसाठी मी ते भरले. तो माणूस माझ्या फोनवर बोलतच राहिला. “लाइन कट करू नका ताई, सर्व्हर स्लो आहे.” मी अर्धा तास त्याच्याशी बोलत होते आणि तेवढ्या वेळात आप्पांच्या फोनवर 49,990, मग 24,900, मग 18,500 असे तीन व्यवहार झाले. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरताना दिसत होतं.

शेवटी तो “अकरापर्यंत पिशवी पोचेल” म्हणाला आणि फोन ठेवला. आम्ही भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. लेक कोंबड्यांमागे पळत होती.

साडेदहाला आप्पांनी गावातल्या दुकानातून खताचे पैसे देण्यासाठी फोन काढला, तर खात्यात शिल्लक नाही. ते घरी आले आणि फोन माझ्यापुढे धरला. आई चुलीपासून उठून आली, “काय व्हयनं वं?” मी मेसेज वाचायला लागले आणि माझे हात थरथरायला लागले. हे पैसे कापूस विकून आले होते. त्यातून दादरीच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीची उधारी चुकवायची होती, आणि ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या.

पुढचं मात्र मी नीट केलं, आणि ते माझ्या नवऱ्यामुळे. मी फोनवर रडत असताना तो म्हणाला, “आधी 1930 लाव, बाकीचं नंतर.” 1930 हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. लाइन लगेच लागली नाही, पुन्हा पुन्हा लावावी लागली. खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा नंबर, रक्कम आणि वेळ हे सगळं त्यांना लागतं, म्हणून मेसेज समोर ठेवूनच फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात. जितक्या लवकर तक्रार जाईल, तितके ते वाटेत अडकण्याची शक्यता जास्त. आमची तक्रार अडीच तास उशिरा गेली. तीनपैकी एक रक्कम, 24,900 रुपये, पुढच्या खात्यात गोठवली गेली. बाकी दोन निघून गेल्या होत्या. तीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. तिथे मिळालेला क्रमांक पुढे पोलिसांकडे लागला.

आणि तो चौथा शनिवार होता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. शनिवार-रविवार शाखेत कोणी भेटणार नाही, हे फसवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. पण कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर सुट्टीतही चालू असतो. तिथून कार्ड बंद केलं आणि तक्रारीचा नंबर लिहून घेतला. हे तातडीने करणं फार महत्त्वाचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेवर. म्हणजे लाजेपोटी एक दिवस गप्प बसलं, तर त्या एका दिवसाचं नुकसानही आपल्याच माथी. आप्पांच्या फोनचा डेटा बंद करून सिम काढलं आणि सगळ्या मेसेजचे फोटो माझ्या फोनवर घेतले. तो फोन पूर्ण पुसून काढायचं काम मात्र पोलिसांनी पाहिल्यानंतरच केलं. गोठवलेल्या रकमेसाठी न्यायालयात अर्ज करायला सांगितलं आहे. तो केला आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच आहे. दुपारी तिकिटाच्या मेसेजमधला नंबर लावला. गाडीतल्या माणसाने पहिल्याच रिंगला उचलला. “हो ताई, पिशवी सकाळीच सापडली, माझ्याजवळ ठेवली आहे. उद्या रात्री परतीच्या गाडीत देतो.” एक रुपया मागितला नाही. आणि पंप? डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्येच होता. भाऊ मोटारसायकलवर एरंडोलला गेला आणि तासाभरात नवीन पंप व नळी घेऊन आला. हे सकाळी सातलाही करता आलं असतं.

रविवारी आम्ही पद्मालयाला जाणार होतो. डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात आहेत, ते लेकीला दाखवायचे होते. जाणं झालं नाही. तो दिवस पोलीस ठाण्यात गेला.

शनिवारी रात्री मी ओसरीवर बसून होते. आप्पांशी बोलायचं धाडस होत नव्हतं. तेच जवळ येऊन बसले आणि विचारलं, “पोरगीना पंप भेटना का?” म्हणजे पंप मिळाला का. पैशांबद्दल एक शब्द नाही. मी म्हटलं, हे गावात कोणाला सांगू नका, शिकलेल्या मुलीने बापाला बुडवलं म्हणतील. आप्पा म्हणाले, म्हणू दे. रविवारी सकाळी मंदिराच्या पारावर त्यांनी सगळ्यांना सगळं सांगितलं. फाइल कशी आली, चिन्ह कसं दिसत होतं, किती पैसे गेले.

संध्याकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना शेजारच्या काकू त्यांच्या मुलाचा फोन घेऊन आल्या. त्यावर अनोळखी नंबरावरून लग्नाची पत्रिका आली होती. नावाच्या शेवटी तीच तीन अक्षरं. मुलाने अजून उघडली नव्हती. आप्पांनी चष्मा लावला, अक्षरं एकेक करून वाचली आणि फोन माझ्या हातात दिला. मी ती फाइल पुसली आणि तो नंबर ब्लॉक केला.